उच्चारून वाचलेली नावं

अँझॅक कोव्हला टॅक्सीतून उतरले तेव्हा वाटलं, चुकून भलत्याच ठिकाणी आलो. एवढासा किनारा! जेमतेम सहाशे मीटर, वाळू कमी नि खडी जास्त, आणि पाठीला लागूनच झुडपांनी भरलेला उभा चढ. मी कोकणातली, समुद्र दिसला की पाय आपोआप पाण्याकडे वळतात. इथे मात्र आधी मान वर गेली. पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या या काठावर उतरले. वर तुर्की सैन्य. त्या चढाला चिकटून त्यांनी आठ महिने काढले.

पहिल्याच दिवशी आपली माणसंही इथे उतरली होती. डोंगरी तोफखान्याच्या भारतीय तुकड्या तोफा सुट्या करून खेचरांवर लादायच्या. मागून खेचरगाड्या हाकणारेही आले. दारूगोळा, रसद, पाणी, सगळं रात्रीच्या काळोखात वर चढवायचं. पाणीसुद्धा इजिप्त-माल्टाहून जहाजानं यायचं. घोटभर पाण्यामागे केवढी पायपीट!

जवळच्या दफनभूमीत थडगी जमिनीलगत, बुटकी. नाव वाचायचं तर वाकावंच लागतं. तासभर वाकून वाचलं. एकही नाव आपल्याकडचं सापडलं नाही. मग लक्षात आलं, शीख-गुरख्यांना अग्नी दिला असणार. थडगं कुठून असेल?

त्यांची नावं भेटली गॅलिपोली द्वीपकल्पाच्या टोकाला, हेलेसच्या स्मारकावर. उंच दगडी स्तंभ, भोवती भिंती, आणि त्यांवर ज्यांची कबर सापडत नाही अशांची वीस हजारांहून जास्त नावं. वारा असा की ओढणी हातात धरून चालावं लागत होतं. भारतीय पलटणींच्या पाट्यांसमोर उभी राहिले, आणि खरं सांगते, आधी मराठी आडनावंच शोधू लागले. चार ओळींतच स्वतःची लाज वाटली. इथे येऊनही आपलं-परकं सुटत नव्हतं.

मग पहिल्या नावापासून सुरुवात केली. नावं इंग्रजी अक्षरांत कोरलेली. परक्या जिभेवर त्यांचं काय होत असेल कोण जाणे. मी एकेक नाव मोठ्यानं वाचलं, त्यांच्या घरी हाक मारली जात असेल तसं. एका ओळीला अडखळले. पुन्हा मागे जाऊन नीट म्हटलं, आणि मगच पुढच्या नावावर गेले.