पाट्या

कोल्हापूरहून बेळगावला जाणे आम्हांस नवे नाही. मावशी शहापुरात राहतात, त्यामुळे वर्षाकाठी एक फेरी होतेच. कागल मागे पडून दूधगंगा ओलांडली की पाट्यांची लिपी बदलते आणि आम्ही, मराठीचे एम. ए. व वीस वर्षांचे अध्यापक, क्षणात निरक्षर होतो.

1946 सालच्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. 1 नोव्हेंबर 2014 पासून गावाचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले, तरी आम्ही हट्टाने बेळगावच लिहितो. मात्र 2022 मध्ये महाराष्ट्राने सर्व दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या केल्या तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि 2024 मध्ये कर्नाटकाने पाटीवरची 60 टक्के जागा कन्नडसाठी राखली तेव्हा संतापलोही आम्हीच. हा हिशेब अजून लागलेला नाही.

या खेपेस खिशात नवे साधन होते. फोनचा कॅमेरा पाटीवर धरावा, कन्नड अक्षरे विरघळून तेथे मराठी उमटते. एका दुकानाच्या पाटीवर 'तूप' आले. शेजारी उभा असलेला मावशींचा नातू फोनकडे न पाहताच म्हणाला, "तुप्प." तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कन्नडकडून आले असे आम्ही फळ्यावर किती वर्षे लिहीत आलो आहोत! त्या भाषेचे एक अक्षर ओळखावे असे मात्र कधी वाटले नाही. भाषाविज्ञानाच्या पेपरात तो प्रश्न नसतो.

मावशींकडे घराच्या उताऱ्याचा कागद आला होता, सगळा कन्नडमध्ये. आम्ही ऐटीत फोन पुढे केला. मावशींच्या दिवंगत यजमानांचे नाव एका ऋतूचे. यंत्राने नावाचेही भाषांतर केले आणि घराचा मालक म्हणून तो ऋतूच हजर झाला. आम्ही हसलो. मावशी हसल्या नाहीत. "अरे, ते गेलेत रे. निदान नाव तरी नीट राहू दे," एवढेच त्या म्हणाल्या.

मग नातवाने कागद घेतला. तो कन्नड माध्यमात शिकतो. आजीला मराठीत निरोप पाठवतो तो रोमन अक्षरांत, याची आम्हांस फार खंत होती. तो एकेक ओळ वाचून तिचे मराठी करून सांगत होता. नावाशी थांबला आणि "आजोबा" म्हणाला. मावशींनी मान हलवली.

निघताना आम्ही त्याच्याकडून वीजबिलाच्या पाठीवर कन्नड बाराखडी लिहून घेतली. परतताना निपाणीच्या स्टँडवर ती काढून समोरच्या पाटीशी ताडून पाहू लागलो. 'नि' लागला, 'प्पा' की 'पा' यावर घोटाळलो, तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली.