टाकीतलं विरजण

आम्ही मालवणकडचे. मासा आमच्या घरी पिशवीतून येतो आणि कढईत जातो. कुवेतला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पापलेटला इथे ‘झुबेदी’ म्हणतात हे पाठ झालं. बाकीची अरबी अजून व्हायची आहे. त्यामुळे आमच्या धाकटीने नवव्या वाढदिवसाला ‘मला मासे पाळायचेत’ असं जाहीर केलं, तेव्हा सासूबाई व्हिडिओ कॉलवरून म्हणाल्या, “मासे खावचे असतत गो, पोसूचे नाय.”

हे खूळ साल्मियाच्या सायंटिफिक सेंटरमधलं. तिथल्या मोठ्या काचेसमोर ती शाळेच्या सहलीत उभी राहिली आणि घरी आली ती मासे मागतच. आम्ही नोव्हेंबरमध्ये एका दुकानातून २० लिटरची टाकी, स्पंजचा फिल्टर, निळे खडे, दोन गोल्डफिश आणि सहा गप्पी असा सगळा संसार एकाच फेरीत उचलून आणला. संध्याकाळी नळाचं पाणी भरलं, मासे सोडले, फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांत सुंदर होता शेंदरी शेपटीचा एक गप्पी. त्याचं नाव लेकीने ‘शेंदऱ्या’ ठेवलं.

चौथ्या दिवशी पहिला मासा गेला. सहाव्या दिवशी आणखी दोन. उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. पाणी जरा गढूळ दिसत होतं, म्हणून मी पदर खोचला आणि दिवाळीची तांब्याची भांडी घासावीत तशी टाकी घासली. खडे उकळत्या पाण्यातून काढले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र केला. काच अशी लख्ख की बघत राहावं. नवव्या दिवशी चौथा मासा मेला.

दहाव्या दिवशी सकाळी लेक शाळेत गेल्यावर बघते तर शेंदऱ्या तळाशी आडवा. मी टॅक्सी केली, दुकानात गेले आणि तसाच दुसरा घेऊन आले. दीडच्या आत. ती आली, टाकीपाशी उभी राहिली, काही बोलली नाही. मला वाटलं, जमलं.

आठ दिवसांनी रात्री झोपताना म्हणाली, “आई, शेंदऱ्याच्या शेपटीवर काळा ठिपका खालच्या बाजूला होता. याचा वरच्या बाजूला आहे.” मी गप्प. मग तिनेच विचारलं, “आजोबांच्या वेळेसारखं केलंस ना?”

आदल्या वर्षी मार्चमध्ये माझे सासरे गेले. तिची परीक्षा चालू होती. हे एकटे रात्रीच्या विमानाने गेले आणि मी तिला ‘आजोबा बरे होतायत, बाबा भेटायला गेलेत’ असं अकरा दिवस सांगत राहिले. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत हे असंच होतं. तिकीट, रजा, परीक्षा, आणि फोनवर दबक्या आवाजात बोलणं. तेव्हा ती काही म्हणाली नव्हती. मला वाटलं होतं, लहान आहे, विसरली.

“हो,” मी म्हटलं. “नवीन आणला. पहिला मेला.”

“मग याचं नाव दुसरा,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

फहाहीलला आमच्या ओळखीचं एक जोडपं राहतं. त्यांच्याकडे बारा वर्षं जुनी भलीमोठी टाकी आहे. शुक्रवारी त्यांना फोन केला. काकांनी पहिला प्रश्न विचारला, “टाकी लावून मासे सोडायला किती दिवस थांबलात?” मी म्हटलं, तास विचारा.

मग त्यांनी समजावलं. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे पाण्यात अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की आणखी. अमोनिया माशाला विष. नदीत, तळ्यात तो वाहून जातो, विरून जातो. २० लिटरमध्ये जायला जागाच नाही. जुन्या टाकीत दोन प्रकारचे जिवाणू असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात चालतं. हे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर, काचेवर बसतात आणि नव्या टाकीत त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जी काही थोडी वस्ती झाली होती, ती मी उकळत्या पाण्याने आणि नळाखाली धुऊन काढली होती. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जंतू मारण्यासाठीच. लख्ख काच दिसते छान, पण मासे जगतात त्या बुळबुळीतपणावर.

“विरजणासारखं?” लेकीने विचारलं. काकू हसल्या. कारण मी लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा पहिलं विरजण काकूंनीच वाटीभर दिलं होतं. बकाल्यातल्या दह्याचं दही काही मनासारखं लागत नव्हतं. काकांनी आपल्या फिल्टरमधला काळाकुट्ट स्पंज कापून अर्धा दिला, त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत. सुकला तर उपयोग नाही. आमचे उरलेले चार मासे त्यांनी ठेवून घेतले. गोल्डफिश तर कायमचेच. तो मासा चांगला वाढतो आणि घाणही खूप करतो, त्याला २० लिटर म्हणजे बादलीच.

मग आमच्याकडे तीन आठवडे रिकामी टाकी. पाहुणे विचारायचे, मासे कुठायत? लेक सांगायची, “अजून पाणी लागलं नाही.” रोज चिमूटभर खाणं टाकायचं, म्हणजे अमोनिया होईल आणि जिवाणूंना जेवण मिळेल. एक दिवसाआड काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग ताडून बघायचा. अमोनियाला हिरवा रंग यायचा, तो हळूहळू पिवळा झाला. मग नायट्राइटचा जांभळा वर चढला आणि उतरला. सगळं वहीत, तारखेसकट. वहीला हात लावायची मला परवानगी नव्हती. दोन्ही आकडे शून्य आले त्या शुक्रवारी दुसरा आणि त्याचा सोबती घरी आले. आणखी तीन गप्पी दोन आठवड्यांनी. पाचही नर. नर-मादी ठेवली असती तर उन्हाळ्यापर्यंत पाचाचे पन्नास झाले असते.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा जाणवली. या देशात एकही नदी नाही. पूर्वी शत्त-अल-अरबचं गोडं पाणी गलबतांतून यायचं. १९५३ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आपण पितो ते पाणी बहुतांशी समुद्राची वाफ करून, त्यात जमिनीतलं थोडं मचूळ पाणी मिसळून बनवलेलं. आणि जूनपासून तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत तापून नळाला येतं. तुम्हाला ठाऊकच आहे, उन्हाळ्यात आपण गीझर बंद करून त्यातलंच पाणी ‘गार’ म्हणून वापरतो. ते थेट टाकीत ओतलं तर मासे उकडतील. म्हणून आठवड्याला पाव बादली पाणी आदल्या रात्री हॉलमध्ये भरून ठेवायचं, क्लोरीन घालवणारं औषध टाकायचं आणि सकाळी टाकीतलं पाव पाणी बदलायचं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळायचा. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मला हे शेवटचं अजून जमत नाही. समोर कोणी उपाशी बघत असलं की हात आखडत नाही.

यंदा जुलैमध्ये पाच आठवडे गावी जायचं होतं. टाकीचं काय? आमच्या इमारतीचा हारिस मिसरचा, वयस्कर आणि मितभाषी. लेकीने खाण्याच्या बारा पुड्या बांधल्या, दोन दिवस सोडून एक अशा. हॉलचा एसी २७ वर चालू, फिल्टर बंद करायचा नाही. पाणी बदलायला काका दोनदा येणार होते. शाळेत शिकलेल्या अरबीत तिने कागद लिहिला. शेवटची ओळ मी वाचायला सांगितली. ती म्हणाली, “मेला तर बाहेर काढून ठेवा. नवीन आणू नका.”

ऑगस्टअखेर परतलो. चार मासे खाण्यासाठी वर आले. हारिस किल्ली द्यायला आला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. फ्रीजरमध्ये, आम्ही जाताना ठेवलेल्या सुरमईच्या तुकड्यांशेजारी, एक छोटी पिशवी होती. त्यावर त्याने तारीख लिहिली होती.

लेकीने पिशवी उजेडात धरून बघितली. काळा ठिपका वरच्या बाजूला होता.