देवासची बस

उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकावर एक वृद्ध गृहस्थ पाठ ताठ ठेवून बसले होते. उजव्या हाताचा अंगठा एका नाकपुडीवर, मग अनामिका दुसरीवर. समोर बसचं इंजिन घरघरत होतं, धूर होता, कंडक्टर ‘देवास, देवास’ ओरडत होता. त्यांच्या श्वासाला मात्र कसली घाई नव्हती.

उज्जैन म्हटलं की लोक महाकालाच्या भस्मारतीला धावतात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारलेलं ते मंदिर मलाही प्रिय आहे. पण पाय वळतात शिप्रेकाठी, भर्तृहरीच्या गुंफेकडे. जवळच मच्छिंद्रनाथांची समाधी. महाराष्ट्रात आपण ती मायंब्याला मानतो, इथले नाथपंथी इथे. मला दोन्ही हव्यात. त्यांच्यापासूनच ती गुरुपरंपरा: मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, आणि मग ज्ञानेश्वरीचा योगावरचा सहावा अध्याय.

योगसूत्रांत पतंजली अभ्यासाला तीन अटी घालतात: तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा, आदराने केलेला हवा. अखंडपणाची अट मला फार जाचक वाटायची. मग गायक कुमार गंधर्व आठवतात.

1948 साली ते क्षय घेऊन देवासला आले. चोविशीही पुरी झाली नव्हती. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. लहानपणीच मैफली गाजवलेला माणूस वर्षानुवर्षं खाटेवर. पत्नी भानुताईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, त्यांची शुश्रूषा केली. गळ्याला मनाई होती, कानाला नव्हती. माळव्यातल्या बायकांची गाणी खिडकीतून आत यायची. नाथयोगी शीलनाथांच्या धुनीचं हे गाव. दारावरून जाणारे नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत. कुमार ऐकत राहिले. मग हलकेच गुणगुणू लागले. रियाज मोडला, असं या वर्षांविषयी कोण म्हणेल? एवढी सलग साधना मला दुसरी ठाऊक नाही.

ते पुन्हा गायला बसले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेलं होतं. त्यांच्या गाण्यातले छोटे, झेपावणारे स्वरसमूह त्या अधुऱ्या श्वासातून आले, असं पुष्कळजण सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. निर्गुणी भजनात ते स्वर सोडून थांबतात, ती जागा निवडलेली असते. दमलेला माणूस असा नेमका थांबत नाही. योगवर्गात हल्ली पाण्याच्या खळखळाटाची ध्वनिफीत लावतात. त्याऐवजी ही भजनं लावावीत, असं मला फार वाटतं.