वाळवी आणि भुंगेरा

दक्षिण आफ्रिकेच्या माळरानावर दोन कीटक नांदतात. मॅक्रोटर्मीस जातीची आंधळी कामकरी वाळवी लाखोंच्या संगतीने पुरुषभर उंच वारूळ उभारते व आत बुरशीची शेती करते. अँथिया हा न उडणारा भुंगेरा मात्र एकटाच शिकार करीत हिंडतो. कोणी छेडल्यास आम्लाची पिचकारी सोडतो. कालाहारीतल्या एका सरड्याची पिल्ले तर त्याचेच सोंग घेऊन जीव वाचवितात!

तरुणपणी कोणी विचारते, तर आम्ही भुंगेराच होणे पसंत केले असते. आता पन्नाशी उलटल्यावर वाटते, त्याच्यामागे उरते काय? वाळवी मरते, वारूळ पुढल्या पिढ्यांना पुरते. अध्यापनाची इतकी वर्षे सरली. आमच्या हातचे चार मातीचे कण तरी कोठे भिंतीला लागले असतील काय?