फ्लेमिंगो, डास आणि आपला कावळा

दुबईला आलेला पाहुणा बुर्ज खलिफा आणि गोल्ड सूक बघितल्याशिवाय परत जात नाही. पण मंडळी, थंडीत कुणी येणार असेल तर त्यांना एकदा रास अल खोरलाही न्या. खाडीच्या टोकाला, मोटारींच्या गर्दीला लागूनच हे पक्षी अभयारण्य आहे. उथळ पाण्यात शेकडो फ्लेमिंगो माना खाली घालून उभे असतात आणि त्यांच्या पाठीमागे उंच इमारतींची रांग! आपल्या शिवडीला येतो तो बहुतेक धाकटा रोहित, इथला थोरला. २००७ पासून ही जागा पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. जाण्याआधी वेळा तेवढ्या विचारून घ्या.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका वहिनींनी विचारलं, "एवढं पाणी, एवढे पक्षी, मग डास नाहीत का हो?"

प्रश्न नेमका होता. क्युलेक्स जातीचा डास पक्ष्यांचं रक्त पितो आणि त्याबरोबर कधीकधी वेस्ट नाईल विषाणूही उचलतो. हा विषाणू १९३७ साली युगांडात सापडला. पक्ष्यांच्या अंगात तो भराभर वाढतो. माणूस, घोडा, उंट हे मधल्यामध्ये सापडतात. त्यांच्यापासून डासाला पुढे नेण्याइतका विषाणू मिळत नाही. लागण झालेल्या दहांतल्या आठ जणांना काही कळतही नाही, पण दीडशेत एखाद्याचा आजार मेंदूवर जातो. घोड्यांसाठी लस आहे, माणसांसाठी अजून नाही!

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट मरून पडू लागले. ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयातले फ्लेमिंगोही गेले. त्याच सुमारास शहरातली माणसं मेंदूज्वराने आजारी पडत होती, पण डॉक्टरांना तो वेगळाच ताप वाटला. तिथल्या पशुवैद्यक ट्रेसी मॅकनमारा यांनी दोन्ही प्रकरणं एकच असावीत असा आग्रह धरला. ते पटायला काही आठवडे गेले.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही बरं का. २०१६ साली दुबईच्या मध्यवर्ती पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांसह एका गटाने इथल्या उंटाच्या नमुन्यातून हाच विषाणू वेगळा केल्याचं प्रसिद्ध केलं. उंट हे या साखळीचं शेवटचं टोक. सुरुवात बघायची तर पक्षीच तपासायला हवेत.

ते काम चिकाटीचं आहे. पहाटे बारीक जाळी लावायची, पक्षी अलगद सोडवायचा, पायात कडं घालायचं, पंखाच्या शिरेतून थोडंसं रक्त घ्यायचं आणि सोडून द्यायचं. रक्तात प्रतिपिंडं सापडली, तरी लागण कुठे झाली हा प्रश्न उरतोच. मध्य आशियातून आलेला पाहुणा ती तिकडूनही घेऊन आलेला असेल. म्हणून बारा महिने इथेच राहणारा पक्षी जास्त कामाचा. काही देशांत तर कोंबड्यांना पहारेकरी नेमतात: खुराडं बाहेर ठेवायचं आणि ठराविक दिवसांनी रक्त तपासायचं.

आणि इथला बारमाही रहिवासी कोण? आपला कावळा! जहाजांवर बसून तो आखाती बंदरांत आला आणि स्थायिक झाला, व्हिसाची भानगड नाही. हा विषाणू कावळ्याच्या जातभाईंच्या जिवावर उठतो, हे इजिप्तमध्ये १९५० च्या दशकातच दिसलं होतं. ते काम करणाऱ्यांपैकी टेलफर्ड वर्क पुढे पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या एनआयव्हीचे, संचालक झाले.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपल्यापैकी कोण विसरेल? काही भागांत पाणी कितीतरी दिवस साचून होतं. डेंग्यूचा डास वेगळा, त्याला पक्षी लागत नाहीत. पण साचलेलं पाणी क्युलेक्सलाही चालतं, घाण असलं तर अधिकच. तेव्हा कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा, संध्याकाळी मुलांना लांब बाह्यांचे कपडे घाला. इमारतीखाली एकापाठोपाठ एक कावळे मेलेले दिसले तर हात लावू नका, वॉचमनला उचलून फेकायलाही सांगू नका. पालिकेला फोन करा आणि जागा, तारीख नीट सांगा.