संत्र्याची साल आणि काकांचा अंगठा

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. घरातली मंडळी इथे येऊन वाचतात म्हणून जास्तच. पण चूक माझी, तेव्हा मीच लिहिलेली बरी.

आमच्या काकांची संत्र्याची बाग बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. २०१९च्या ऑक्टोबरात गेलो होतो. आंबिया बहाराची फळगळ सुरू होती. धुऱ्यावर पडलेल्या फळांचा ढीग, त्याचा तो आंबूस वास, वर माश्या. काका नुसते बघत उभे होते. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी शहाणपण पाजळलं, "काका, हा कचरा नाही हो. सालीत जंतू मारणारं तेल असतं!"

तसं त्यात खोटं काही नव्हतं. सालीवर बारीक ठिपके दिसतात ना, त्या तेलाच्या पिशव्या. साल दुमडून दिव्याच्या ज्योतीपुढे दाबली की चरचर ठिणग्या उडतात, लहानपणी आमचा तो फुकटचा फटाका होता :) त्या तेलात नव्वद टक्के किंवा त्याहूनही जास्त लिमोनीन असतं, शिवाय लिनालूल, सिट्राल वगैरे थोडं थोडं. ही द्रव्यं जंतूंच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हे छान दिसतं. बशी आणि माणूस यांत किती अंतर आहे, ते मात्र मी काकांना सांगितलं नाही. खरं म्हणजे तेव्हा माझ्याही डोक्यात नव्हतं.

तीनेक महिन्यांनी काकूंचा फोन आला. काकांना कितीतरी वर्षांपासून शुगर. बागेत अंगठ्यात काटा घुसला, त्यांना कळलाही नाही. जखम दिसली तेव्हा त्यांनी साल वाटून लेप लावला. दहा-बारा दिवस! अकोल्याला नेलं तोवर उशीर झाला होता. पाय वाचला, अंगठा गेला.

दवाखान्यात मला बघून काका म्हणाले, "तूच तं म्हनला होता ना बाबू, सालीत औषध असते म्हून." रागानं नाही हो. सहज. तेच जास्त लागलं.

मग मी जे आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं. मधुमेही जखमेत सापडणारा सुडोमोनस नावाचा जंतू अशा तेलांना फारशी दाद देत नाही, त्याचं बाहेरचं आवरणच चिवट. लिमोनीन हवेत राहून जुनं झालं की उलट कातडीला ॲलर्जी होऊ शकते. आणि सगळ्यात कहर म्हणजे ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काची गोष्ट. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि गोड संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ. त्याच्या बियांचा अर्क 'नैसर्गिक जंतुनाशक' म्हणून जगभर खपत होता. १९९९मध्ये जर्मन संशोधकांनी बाजारातले सहा अर्क तपासले. पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कारखान्यातलं जंतुनाशक निघालं. सहाव्यात असं काही नव्हतं, आणि तो एकही जंतू मारत नव्हता!

म्हणजे साल निरुपयोगी आहे असं नाही. तिच्या तेलाला सुगंधासाठी, साफसफाईच्या वस्तूंसाठी चांगली मागणी असते. पण ते काढायला यंत्र लागतं, पाटा-वरवंटा नाही.

असो. काकांनी मला पुन्हा त्यावरून कधी बोल लावला नाही. मागच्या हंगामात संत्र्याची पेटी आली, त्यावर फोन, "सालींचं काय करू मंग?" मी म्हटलं, "काही नका करू काका. आणि बागेत जाताना चप्पल घाला, रोज रात्री काकूंना तळपाय बघू द्या."

"हो रे बाप्पा," म्हणाले. काकू सांगतात, चप्पल अजून धुऱ्यावरच काढून ठेवतात.