पाणी कुठं जातं

स्क्रूड्रायव्हर आत गेला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. ओल्या पुठ्ठ्यात शिरावा तसा शिरला. गॅरेजवाल्याने तो बाहेर काढून माझ्यापुढे धरला; टोकाला तांबूस गाळ लागला होता. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, इथे त्यांना सिल म्हणतात, दोन्ही बाजूंनी आतून कुजल्या होत्या. कुजलेलं कापून नवा पत्रा वेल्ड करायचे चौदाशे पौंड. ते केल्याशिवाय यंदाची एमओटी, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र, मिळणार नाही आणि एमओटीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नाही.

गाडी १९९१ची माझदा एमएक्स-५. लाल, दोघांपुरती, वर काळा टप. मी ती १९९९ साली रेडिंगला साडेपाच हजारांना घेतली. दहा-बारा वर्षांनी तिचे कुणी हजारसुद्धा देईना. आणि गेल्याच महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं की गाडी आता ‘मॉडर्न क्लासिक’ झाली आहे, तेव्हा आधीच ‘मान्य किंमत’ ठरवू, फोटो पाठवा. साडेसहा हजारांचा आकडा त्यांनीच सुचवला. हा भाव माझ्या गाडीने काही करून मिळवलेला नाही. तिच्याबरोबरच्या कितीतरी गाड्या याच गंजाने भंगारात गेल्या, उरल्या त्यांची किंमत चढली.

माझे वडील, अप्पा, २००२च्या उन्हाळ्यात इथे सहा आठवडे आले होते. गाडीची त्यांना काडीची माहिती नव्हती. संगमेश्वरजवळ आमचं कौलारू घर, आणि त्यांची नोकरी पंचायत समितीत झालेली. पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, “टपावरचं पाणी कुठं जातं?”

मला सांगता येईना. तीन वर्षं गाडी चालवत होतो, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. अप्पांनी टप अर्धा दुमडायला लावला, आसनांमागे हात घातला आणि दोन्ही कोपऱ्यांतली भोकं शोधून काढली. टपाचं पाणी तिथून नळीत उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे, खाली गळतं. नळी पानांनी, चिखलाने तुंबली की तेच पाणी सिलमध्ये मुरतं. त्यांनी एक लवचीक वायर मागून घेतली आणि अर्धा तास गुडघ्यांवर बसून दोन्ही नळ्या मोकळ्या केल्या. मग तांब्याने पाणी ओतून पाहिलं. मे महिन्यात शिडीवर चढून पन्हळी साफ करताना त्यांचा चेहरा असायचा, तसाच तेव्हाही होता.

गाडी हिरोशिमाला तयार झाली, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. ते थांबले. १९४५ साली ते दहा वर्षांचे होते. पुढचं मला खूप नंतर वाचायला मिळालं, त्यांना सांगायचं राहून गेलं. माझदा १९२० साली निघाली ती बुचाचा कारखाना म्हणून. तीनचाकी मालगाड्या १९३१पासून. कंपनीचे प्रमुख जुजिरो मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस ६ ऑगस्ट १९४५ला होता. त्याच सकाळी बॉम्ब पडला; मधल्या हिजियामा टेकडीने कारखाना बराचसा वाचवला आणि त्याच डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बाहेर पडू लागल्या. इथे हे का लिहितो आहे, ठाऊक नाही. तांब्या हातात धरून गप्प उभे राहिलेले अप्पा आठवतात, एवढंच.

खर्चाचं म्हणाल तर त्याची मला तक्रार नाही. साठ हजार मैलांना टायमिंग बेल्ट बदलावा. मागची खिडकी प्लॅस्टिकची, थंडीत तिची चेन न उघडता टप दुमडला तर ती तडकते. माझी एकदा तडकली. राग आहे तो करावर. २००१च्या आधीच्या गाड्यांचा कर इंजिनावर ठरतो आणि रेघ आहे १५४९ सीसीवर. माझं इंजिन सोळाशेचं. जेमतेम पन्नास सीसींसाठी मी पंचवीस वर्षं वरच्या वर्गाचे पैसे भरतो आहे. त्याहून मोठा राग आहे तो या गाड्या विकत घेऊन पांघरुणाखाली ठेवणाऱ्यांवर. मैल कमी तेवढा भाव जास्त, हे त्यांचं गणित. ही गाडी बनवणाऱ्यांनी घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत अशी कल्पना समोर ठेवली होती. तबेल्यात बांधून ठेवलेल्या घोड्याचा स्वार कोण?

अप्पा गेल्यावर पहिली काही वर्षं मी दर शरदात वायर घालत होतो. मग मुलं झाली, घर बदललं, गाडी अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली उभी राहू लागली. पानं पडत राहिली. शेवटची वायर कधी घातली, आठवत नाही. पायाखालच्या गालिच्याला ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला, तेव्हाही मी काच जरा खाली ठेवून वास घालवत राहिलो.

चौदाशे पौंड भरतो म्हणालो. घरी आल्यावर गावी चुलतभावाला फोन लावला. जूनचा पहिला आठवडा होता.

“पन्हळी साफ केल्यास का रे?”

“दादा, पन्हळी कसल्या? गेल्या मेमध्ये कौलं उतरवली ना. पत्रे घातले. वासे धरत नव्हते, दरवर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही.”

“कौलं कुठं आहेत?”

“मागच्या पडवीत रचलीत. एक रिसॉर्टवाला येऊन बघून गेला. जुनी आहेत म्हणून कौलाला चांगला भाव देतोय. देऊ का?”

पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. एवढा, की मला त्याचं पुढचं बोलणं नीट ऐकू येईना.

“थांब,” मी म्हणालो, “मी येईपर्यंत थांब.”